स्मार्ट लॉक आपल्या घराला चालेल का? आधी दार बघा, मग लॉक

घरफोडीच्या बातमीत एक वाक्य ठरलेलं असतं: ‘बंद घराचा कडी-कोयंडा उचकटून चोरट्यांनी आत प्रवेश केला.’ बातमी आपल्याच भागातली असली की दुसऱ्या दिवशी सोसायटीतलं कोणीतरी स्मार्ट लॉकची चौकशी करायला निघतं. अशा प्रत्येकाला मला पहिली गोष्ट हीच सांगायची असते की कटावणीला कुलपाची हुशारी आडवी येत नाही. ती कोयंड्याचे स्क्रू, चौकटीचं लाकूड आणि दाराची कड यांच्यावर चालते. फळी आतून पोकळ असेल किंवा चौकट वाळवीने खाल्लेली असेल, तर तीस हजारांचं लॉक बसवूनही दार कच्चंच राहतं.

स्मार्ट लॉक, म्हणजे किल्लीऐवजी बोटाचा ठसा, कोड, कार्ड किंवा फोनने उघडणारं लॉक, खरोखर लागू पडतं ते किल्लीच्या दुखण्यावर. किल्ली कोणाकडे आहे, किती जणांकडे आहे, हरवली तर काय, मुलगी क्लासहून आली आणि घरी कोणी नसलं तर काय, मावशी कामाला आल्या तेव्हा आपण दोघं ऑफिसात असलो तर काय. हे प्रश्न तुमच्या घरात रोज उठत असतील तर लॉकचा विचार जरूर करा. उठत नसतील तर तेच पैसे दार आणि चौकट मजबूत करायला घाला.

पायरी १ : किल्ल्यांचा हिशेब मांडा

एक कागद घ्या आणि घराच्या मुख्य दाराच्या किल्ल्या सध्या कुठे कुठे आहेत ते लिहा. नवरा-बायको, मुलं, आजी, शेजारच्या काकू, कामाच्या मावशी, गावाला गेल्यावर झाडांना पाणी घालणारा मुलगा. आधी राहून गेलेल्या भाडेकरूने एखादी करून घेतली असेल तर तिचा पत्ताच नाही. पाच-सहा किल्ल्या बाहेर फिरतायत आणि त्यातल्या दोन नक्की कोणाकडे हे आठवत नाही, अशी स्थिती असेल तर स्मार्ट लॉक तुमच्या कामाचं आहे. प्रत्येकाला वेगळा कोड देता येतो आणि माणूस बदलला की फक्त त्याचा कोड काढून टाकता येतो. साध्या कुलपात एक किल्ली हरवली की अख्खा सिलिंडर (ज्यात किल्ली फिरते तो भाग) बदलावा लागतो, आणि बहुतेक लोक तो कंटाळ्याने बदलतच नाहीत.

दुसरा फायदा सहसा कोणी बोलून दाखवत नाही. बाहेरून लोंबणारं कुलूप लांबूनच सांगतं की घरात कोणी नाही. दाराच्या आत बसणारं लॉक, स्मार्ट असो वा साधं, हे सांगत नाही. फक्त या एकाच कारणासाठी लॉक घेत असाल तर साधं मॉर्टिस लॉक (दाराच्या कडेत खाच पाडून आत बसवलेलं) किंवा चांगलं लॅच तेवढंच काम निम्म्याहून कमी पैशांत करतं.

आता उलट बाजू. निवृत्त जोडपं आहे, दोघांपैकी एकजण कायम घरी असतो, किल्ल्या दोनच आणि दोन्ही जागेवर. अशा घरात स्मार्ट लॉकने सोय वाढत नाही, सांभाळायची एक गोष्ट मात्र वाढते. मुलांनी हौसेने परदेशातून पैसे पाठवले म्हणून ते बसवू नये. त्यांना आई-बाबांची काळजी वाटते हे खरं आहे, पण त्या काळजीचं उत्तर लॉकमध्ये आहे की नाही हे चौथ्या पायरीत बघू.

पायरी २ : दार बंद कसं होतं ते बघा

लॉकचे फोटो आणि फीचर बघण्याआधी दहा मिनिटं आपल्या दारापाशी घालवा. माझ्या मते निर्णय इथेच होतो.

दार एका बोटाने ढकला. ते सहज चौकटीत जाऊन बसतं का? की शेवटी थोडं उचलावं लागतं, खांदा लावावा लागतो, हँडल धरून ओढावं लागतं? आपला हात हे सगळं नकळत करत असतो, म्हणून दार बिघडलंय हे आपल्याला जाणवतही नाही. स्मार्ट लॉकमध्ये बोल्ट, म्हणजे चौकटीत शिरणारा दांडा, सरकवायला एक छोटी मोटर असते. तिला दार उचलता येत नाही. बोल्ट चौकटीवरच्या पट्टीला घासला की ती जोर लावते, पुन्हा प्रयत्न करते, लॉक पिपाणी वाजवतं आणि सेल भराभर उतरतात. ‘बॅटरी टिकत नाही’ अशी तक्रार आली की मी आधी बिजागऱ्या बघायला सांगतो.

तपासायचं असेल तर सुतार करतात तेच करा. लॅचच्या जिभेला खडू चोळा, दार बंद करा, मग उघडून चौकटीच्या पट्टीवर खडूचा डाग कुठे पडलाय ते बघा. डाग भोकाच्या आत असला तर उत्तम. कडेवर असला तर आधी बिजागरीचे स्क्रू आवळून घ्या किंवा पट्टी सरकवून घ्या. हे काम एका सुताराच्या अर्ध्या दिवसाचं आहे.

पावसाळ्याचं वेगळं लक्षात ठेवा. मुंबई-ठाणे आणि कोकणपट्टीत जुलै-ऑगस्टमध्ये लाकडी दारं फुगतात. मार्चमध्ये अलगद बसणारं दार श्रावणात अडकतं. तुमचं दार दरवर्षी फुगत असेल तर लॉक बसवायची वेळ भर पावसाळ्यातली किंवा पावसाळ्यानंतर लगेचची निवडा आणि तेव्हाच रंधा मारून घ्या. उन्हाळ्यात नेमकी जुळवलेली पट्टी चार महिन्यांनी चुकीच्या जागी आलेली असते.

मग टेप काढा. तीन मापं लागतात: दाराची जाडी, लॉक बसायच्या जागी फळीची सलग लाकडी पट्टी किती रुंद आहे ते, आणि दार डावं उघडतं की उजवं. हँडलसकट येणारी बरीच मॉर्टिस प्रकारची लॉक साधारण ३५ ते ५५ मिलिमीटर जाडीच्या दारासाठी असतात. आपल्याकडे फ्लश डोअर ३० आणि ३५ मिलिमीटरमध्ये सर्रास मिळतात, आणि बिल्डरने मुख्य दारालाही पातळ फळी लावलेली असते. मॉर्टिससाठी फळीच्या कडेत खोल खाच पाडतात. पातळ फळीत ती पाडली की दोन्ही बाजूंना लाकूड म्हणून नुसता सनमायका आणि प्लायचा पापुद्रा उरतो, आणि कटावणीला हवी असते तीच जागा आपण तयार करून देतो. अशा दाराला आतून पृष्ठभागावर बसणारं रिम प्रकारचं लॉक बरं. त्यासाठी बाहेरून आत तारा जाण्यापुरतं भोक आणि काही स्क्रू पुरतात.

आधीचं गोल लॅच किंवा जुनं मॉर्टिस काढलं तर त्याची भोकं राहतात. नवीन लॉकच्या पट्टीखाली ती झाकली जातात का, हे दुकानातच विचारा. दाराचा फोटो सोबत मोजपट्टी धरून काढून ठेवला तर दुकानदारही नेमकं सांगू शकतो.

पायरी ३ : सेफ्टी डोअर विसरू नका

आपल्या फ्लॅटना बहुधा दोन दारं असतात: बाहेर जाळीचं किंवा लोखंडी पट्ट्यांचं सेफ्टी डोअर आणि आत लाकडी दार. कंपन्यांच्या जाहिरातीत मात्र एकच दार दिसतं. त्यामुळे इथे दोन प्रश्न उभे राहतात आणि दोन्ही नंतर कळले तर महागात पडतात.

पहिला जागेचा. आतल्या दारावर हँडलवालं स्मार्ट लॉक लावलं की बाहेरचा भाग आणि हँडल मिळून पुढे बरंच येतं. दोन दारांमधली फट कमी असेल तर सेफ्टी डोअर हँडलला आपटतं किंवा बंदच होत नाही. ही फट मोजा आणि मॉडेलच्या माहितीपत्रकातली बाहेरची खोली तिच्याशी ताडून बघा. मध्ये आपली बोटं जाऊन हँडल वळवता आलं पाहिजे, एवढी मोकळी जागा धरा.

दुसरा प्रश्न सोयीचा. लॉक आतल्या दारावर बसलं आणि सेफ्टी डोअरला जुनंच किल्लीचं लॅच राहिलं, तर किल्ली काही सुटली नाही. मावशींना कोड दिला तरी त्या बाहेरच्या जाळीपाशीच उभ्या. म्हणून ठरवायला हवं: बाहेरच्या दाराला दिवसा नुसती कडी ठेवायची, त्याचं लॅच काढायचं, की स्मार्ट लॉक बाहेरच्या दारालाच लावायचं. बाहेरच्या दाराची पट्टी अरुंद असते, त्यामुळे तिथे अरुंद बनावटीचं किंवा रिम प्रकारचंच लॉक बसतं. शिवाय जाळीतून हात घालून आतली कळ फिरवता येणार नाही अशी जाळी हवी. मोठ्या नक्षीच्या सेफ्टी डोअरला म्हणूनच मी स्मार्ट लॉक सुचवत नाही.

पायरी ४ : घरातली बोटं आणि सवयी

बोटाचा ठसा ही सोय सर्वांत जास्त विकली जाते आणि अपेक्षाभंगही तिथेच होतो. वर्षानुवर्षं भांडी-धुणी केलेल्या हातांवरच्या रेषा झिजलेल्या असतात. वय झालं की त्वचा कोरडी पडते. हिवाळ्यात पुण्या-नाशकाकडे बोटं फुटतात. लहान मुलांची बोटं वाढतात, त्यामुळे त्यांचे ठसे अधूनमधून पुन्हा घ्यावे लागतात. आमच्या मजल्यावरच्या काकूंनी नवीन लॉकपाशी उभं राहून मला विचारलं, “अरे, ह्याला माझं बोट कळतच नाही. मी काय दर वेळी तुझ्या काकांना हाक मारू?” मी म्हटलं, “काकू, तुम्ही बोट सोडा, कोड वापरा. नाहीतर हे कार्ड पर्समध्ये ठेवा.” त्यांना कार्ड पटलं. वेळ गेला तो फक्त ‘बोट लागलंच पाहिजे’ या हट्टात.

म्हणून दुकानात घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला सोबत न्या आणि डेमो लॉकवर त्यांच्या बोटाने उघडून बघा. जमलं नाही तर त्याच माणसासाठी कोड आणि कार्ड दोन्ही चालणारं लॉक बघा. कोडची आकडेबटणं चष्म्याशिवाय दिसतात का, दाबली की आवाज येतो का, हेही बघा. ओल्या किंवा फार कोरड्या बोटांना टचच्या बटणांपेक्षा दाबायची बटणं सोपी जातात. मधुमेहामुळे बोटांना बधिरपणा असलेल्या माणसाला तर नक्कीच.

एकटे राहणारे आई-वडील आणि दूर असलेली मुलं, हा या लॉकचा सर्वांत मोलाचा उपयोग आहे. आई न्हाणीघरात पडली, फोन उचलत नाही, तर बोस्टनमध्ये बसलेला मुलगा शेजाऱ्यांना तात्पुरता कोड देऊ शकतो आणि दार न तोडता मदत आत पोचते. पण आपल्याकडची जुनी सवय इथे आडवी येते: रात्री झोपताना आतून कडी. लोखंडी कडी आतून लावलेली असेल तर बाहेरून कोणताही कोड उपयोगाचा नाही. लॉकमध्येही आतून डबल लॉक करायची कळ असते. ती लावल्यावर बाहेरून काय चालतं हे मॉडेलप्रमाणे बदलतं: काहीत मास्टर कोड किंवा किल्ली चालते, काहीत काहीच नाही. आई-वडिलांसाठी घेत असाल तर हा प्रश्न सर्वांत आधी विचारा, आणि कडी लावायची नाही हे त्यांना समजावून, त्यांना पटवून मगच पुढे जा. पंचेचाळीस वर्षांची कडी लावायची सवय एका दिवसात जात नाही आणि कडीशिवाय त्यांना झोप येत नसेल तर तो त्यांचा हक्क आहे. मग शेजाऱ्यांशी रोज सकाळी एका फोनची पद्धत जास्त उपयोगी.

कामाच्या मावशींबद्दल एक गोष्ट मनापासून सांगतो. बहुतेक लॉक कोण किती वाजता आलं याची नोंद ठेवतात. ही नोंद होते हे त्यांना स्पष्ट सांगा. त्यांचा ठसा घेण्याऐवजी त्यांना स्वतःचा वेगळा कोड द्या. ‘सकाळी ९ ते ११’ असा वेळेपुरता कोड बऱ्याच लॉकमध्ये करता येतो, पण एखाद्या दिवशी बस चुकून त्या सव्वाअकराला आल्या तर दारात ताटकळणार, म्हणून वेळ सैल ठेवा. काही चुकलं-हरवलं तर घरातल्यांच्या आणि त्यांच्या नोंदी वेगळ्या असल्यामुळे विनाकारण संशय त्यांच्यावर जात नाही. ही बाजू त्यांच्याही फायद्याची आहे.

पायरी ५ : इंटरनेट हवंच का?

नव्याने घेणाऱ्यांना वाटतं की स्मार्ट म्हणजे वायफाय. तसं नाही. ठसा, कोड, कार्ड आणि किल्ली ही चारही कामं बहुतेक लॉक स्वतःच, इंटरनेटशिवाय करतात. ब्लूटूथ म्हणजे दारापाशी उभं राहून फोनने चालवणं. घरापासून लांब असताना उघडणं, फोनवर सूचना येणं यासाठीच वायफाय किंवा मधला गेटवे (लॉक आणि राउटरला जोडणारं छोटं यंत्र) लागतो. वायफायने सेल लवकर संपतात आणि बहुतेक लॉकना राउटरचं २.४ गिगाहर्ट्झचं वायफाय लागतं, ५ गिगाहर्ट्झचं चालत नाही. वीज गेली की लॉक चालूच राहतं, कारण ते सेलवर असतं. बंद पडतो तो राउटर. लोडशेडिंगच्या भागात लांबून उघडण्यावर भिस्त असेल तर राउटरला छोटा यूपीएस हवा.

काही लॉक ॲपमधून ठरावीक वेळेपुरता चालणारा कोड तयार करतात, जो लॉकला इंटरनेट नसतानाही ओळखता येतो. माझ्या मते बहुतेक घरांना एवढं पुरतं. लांबून दार उघडायची गरज वर्षातून दोनदा पडणार असेल तर त्यासाठी दार कायम इंटरनेटला जोडून ठेवू नका.

जोडलेल्या लॉकचा धोका कसा असतो त्याचं एक उदाहरण. ऑगस्ट २०१७ मध्ये अमेरिकेतल्या लॉकस्टेट या कंपनीने पाठवलेल्या सॉफ्टवेअर अपडेटमुळे तिची सुमारे ५०० लॉक निकामी झाली. चुकीच्या मॉडेलचं अपडेट त्यांच्यात गेलं होतं. त्यातली बरीच एअरबीएनबीवर घर भाड्याने देणाऱ्यांकडे होती. लॉकवर कोणीही हल्ला केला नव्हता, तरी कोड चालेनात. प्रत्यक्ष किल्ली असणारे मात्र आत जाऊ शकत होते. कंपनी उद्या बंद पडली किंवा तिने ॲप चालवणं सोडलं तर माझं लॉक किती चालेल, हा प्रश्न म्हणून खरेदीआधीच विचारायचा. ठसा आणि कोड चालूच राहणार असतील तर ठीक. खातं उघडल्याशिवाय आणि सर्व्हरला विचारल्याशिवाय काहीच न होणारं लॉक घेऊ नका.

ठशांची माहिती लॉकच्याच आत राहते की कंपनीच्या सर्व्हरवर जाते, हेही विचारा. आतच राहणारं घ्या. ॲपच्या खात्याला ओटीपीची दुसरी पायरी लावता येते का ते बघा. ज्या फोनवर ॲप आहे त्याला स्क्रीन लॉक नसेल तर दाराला कुलूप असून नसल्यासारखं.

कार्ड सोयीचं, पण सर्वांत कच्चं तेच. मायफेअर क्लासिक या जातीच्या कार्डांची सुरक्षा संशोधकांनी २००८ मध्येच मोडून दाखवली, तरी ती आणि त्याहून साधी कार्डं अजून सर्रास मिळतात. सोसायटीच्या गेटच्या कार्डासारखं कार्ड लॉकसोबत आलं तर ते हरवताच लगेच लॉकमधून काढून टाका.

पायरी ६ : बाहेर अडकलात तर आत कसे याल?

लॉक निवडण्याआधी हे चित्र डोळ्यांसमोर आणा: रात्री अकरा वाजता बाहेरगावाहून आलात, लॉकचे सेल संपलेत, फोनही उतरलाय. आता काय? चांगल्या लॉकमध्ये याची दोन उत्तरं असतात. एक, खरी किल्ली, जिचं भोक झाकणाखाली लपवलेलं असतं. दुसरं, बाहेरून तात्पुरती वीज: नव्या लॉकना खाली टाइप-सी तोंड असतं, तिथे पॉवर बँक लावली की लॉक जागं होतं. जुन्यांना ९ व्होल्टचा चौकोनी सेल बाहेरच्या दोन टोकांना टेकवावा लागतो. किल्ली नसलेलं लॉक मी कोणालाही घ्यायला सांगणार नाही.

आणि ती किल्ली घरातल्या कपाटात ठेवू नका! बॉक्समधून निघालेली किल्ली लोक तशीच लॉकरमध्ये किंवा देवघराच्या खणात ठेवतात, आणि जेव्हा लागते तेव्हा ती दाराच्या पलीकडे असते. एक भावाकडे किंवा विश्वासू शेजाऱ्याकडे, एक ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये.

सेल बहुधा चार किंवा आठ पेन्सिल सेल, अल्कलाइन जातीचे. किराणा दुकानात घड्याळाला लावतो ते स्वस्त सेल इथे चालत नाहीत, मोटरला लागणारा जोर ते देऊ शकत नाहीत आणि गळतातही. रिचार्जचे निकेल जातीचे सेल १.२ व्होल्टचे असतात, त्यामुळे बॅटरी कमी असल्याची खूण चुकते. काही महागड्या लॉकना लिथियमची रिचार्ज होणारी बॅटरी असते. ती काढून घरात चार्ज करताना बाहेरच्या माणसाने आत कसं यायचं, ते आधी ठरवा. सूचनेचा आवाज येऊ लागला की त्याच आठवड्यात सेल बदला, आणि गणपतीला किंवा मेच्या सुट्टीत गावी जाण्याआधी तर नवेच घाला. काही लॉकमध्ये सेल बदलल्यावर घड्याळ चुकतं आणि वेळेचे कोड चालेनासे होतात, म्हणून सेल घातल्यावर ॲपमधली वेळ बघून घ्या.

आतून दार नेहमी हाताने, वीज नसताना, एका झटक्यात उघडलं पाहिजे. आग लागली, धूर झाला तर कोड दाबायला कोणी थांबत नाही. दुकानात डेमो लॉकमधले सेल काढायला सांगा आणि आतलं हँडल फिरवून बघा.

पायरी ७ : दुकानात काय विचारायचं

साधं कुलूप घेताना लोक ‘किती लिव्हरचं?’ हा प्रश्न विचारतात. इथे त्याची जागा बोल्टने घ्यायला हवी. फक्त तिरकी जीभ आहे की जाड डेडबोल्टही (चौकटीत सरळ शिरणारा दांडा)? डेडबोल्ट किती सरकतो? चौकटीवरची पट्टी किती जाड आणि तिचे स्क्रू किती लांब? सोबत आलेले छोटे स्क्रू बदलून चौकटीच्या लाकडात खोल जाणारे लांब स्क्रू लावून घेणं हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयोगी बदल आहे.

आज बाजारात साधारण सात-आठ हजारांपासून चाळीस हजारांच्या पुढेपर्यंत लॉक मिळतात. गोदरेज, येल, हाफेले, ओझोन, क्यूबो अशी नावं दिसतील. नावापेक्षा तुमच्या शहरात त्यांचा माणूस दुरुस्तीला किती दिवसांत येतो, बसवण्याचे पैसे किमतीत आहेत का, मोटर आणि सर्किटची वॉरंटी किती वर्षं, हे लिहून घ्या. दार कापावं लागलं आणि लॉक बसलं नाही तर काय, हेही विचारा. कॅमेरा, चेहरा ओळखणं, हाताच्या शिरा ओळखणं हे नंतरचं. घंटीसोबतचा कॅमेरा समोरच्या घराच्या दारावर रोखलेला असेल तर त्यांना आधी विचारणं ही साधी शेजाराची रीत आहे.

घराचा चोरीचा विमा असेल तर विमा कंपनीला ईमेलने विचारून ठेवा. घरफोडीच्या विम्यात जबरदस्तीने आत शिरल्याची खूण बघितली जाते. कोड वापरून कोणी आत आलं तर अशी खूण राहत नाही. उत्तर लेखी असलेलं बरं.

कोणी घेऊ नये

भाड्याच्या घरात, मालकाच्या लेखी संमतीशिवाय नको. अकरा महिन्यांच्या करारासाठी दुसऱ्याच्या दारात खाच पाडली की अनामत रकमेवरून वाद होतो. मालक तयार असेल तर जुन्या लॅचच्याच जागी बसणारं रिम लॉक बघा आणि जाताना जुनं परत लावून द्या.

कोकणातलं गावचं घर, जे गणपती, शिमगा आणि मे महिना सोडून बंद असतं, त्यालाही नको. दोन फळ्यांचं दार, मध्ये कोयंडा, आत अडसर, समुद्राची खारी हवा आणि महिनोन्महिने पडून गळणारे सेल, यात कोणतंही इलेक्ट्रॉनिक लॉक फार काळ तग धरत नाही. तिथे तेल घातलेलं दणकट कुलूप आणि शेजारच्या वाडीत एक किल्ली हीच व्यवस्था चांगली.

बंगल्याचं किंवा रो-हाउसचं दार थेट पावसात आणि उन्हात असेल तर बाहेरच्या वापरासाठीचं, पाणी-धूळ रोखण्याचं आयपी मानांकन लिहिलेलं लॉकच घ्या आणि वर छोटं छप्पर करून घ्या. तेही करता येत नसेल तर लॉक नको.

नुसती ‘किल्ली विसरते’ एवढीच अडचण असेल तर आकड्यांची कळ असलेली छोटी किल्लीची पेटी हजार-दोन हजारांत मिळते. ती पार्किंगच्या नजरेआड भिंतीला लावली की काम भागतं.

पायरी ८ : बसवायचा दिवस आणि पुढचे काही दिवस

फिटर आला की दार उघडं ठेवून सगळं तपासा. बोल्ट दहा-वीस वेळा आत-बाहेर करून बघा, किल्ली फिरवा, सेल काढून पॉवर बँकेने जागं करा, आणि मगच दार बंद करू द्या. कंपनीचा सुरुवातीचा मास्टर कोड बहुधा १२३४५६ असाच काहीतरी असतो. तो फिटर गेल्यावर बदला, त्याच्यासमोर नाही. कोडमध्ये फ्लॅट नंबर, जन्मवर्ष, गाडीचा नंबर नको. बऱ्याच लॉकमध्ये खऱ्या कोडच्या मागे-पुढे खोटे आकडे दाबता येतात. जिन्यात कोणी मागे उभं असेल तेव्हा ते वापरा. काचेवर बोटांचे तेलकट डाग ठरावीक आकड्यांवरच उमटतात, म्हणून अधूनमधून पुसत जा.

दार आपोआप बंद होण्याची सोय पहिले काही दिवस बंद ठेवा. कचरा ठेवायला बनियनवर बाहेर आलेल्या माणसाच्या मागे दार लागलं आणि आत गॅसवर दूध आहे, ही वेळ सवय लागण्याआधी येऊ नये. प्रत्येकाला स्वतःचा कोड पाठ झाला, आजींनी सलग चार-पाच दिवस कोणाला न विचारता दार उघडलं, की मग ती सोय चालू करा. तोवर जुनी किल्लीची व्यवस्था मोडू नका.

ॲपमध्ये दोन माणसं मुख्य चालक असू द्या, एकच नको. त्या एकाचा फोन हरवला किंवा तो आजारी पडला तर घरातलं कोणीच कोड बदलू शकत नाही. दर तीन-चार महिन्यांनी कोडची यादी उघडा आणि मागच्या दिवाळीला रंगकामाला आलेल्यांचा कोड अजून चालू आहे का ते बघा. बहुधा असतो.

घर विकताना किंवा भाड्याने देताना तुमचे ठसे, कोड, कार्डं आणि ॲपचं खातं सगळं काढून लॉक मूळ स्थितीत आणा, दोन्ही किल्ल्या नव्या माणसाच्या हातात द्या आणि त्याच्या फोनवर लॉक जोडलं गेलंय हे दारात उभं राहून बघा. तुम्ही नवीन घर घेताय आणि दाराला आधीच लॉक आहे, तर पहिल्या रात्रीच्या आत हेच सगळं त्यांच्याकडून करून घ्या, आणि किल्लीचा सिलिंडर बदलून टाका.